पेटीवर ठेवलेला डबा

एकवीस वर्षांच्या नोकरीत आमचा सोर्स, म्हणजे किरणोत्सारी पदार्थाची कुपी, एकदाच हरवला. सापडला तेव्हा आमच्या शेडपासून चालत पाच मिनिटांवर होता.

वेल्डिंगच्या पोटात फट राहिलीय का, हे बघायला आम्ही इरिडियम-192 वापरतो. त्याचं अर्धायुष्य, म्हणजे ताकद निम्मी व्हायला लागणारा वेळ, जेमतेम 74 दिवस, म्हणून नवा सोर्स सारखा मागवावा लागतो. 2011 च्या जुलैत असाच एक वाशीहून निघाला. सहाला भोसरीत यायचा टेम्पो साडेआठ झाले तरी येईना, ड्रायव्हरचा फोन बंद. घाटात अडकला असेल म्हणून आम्ही दुसऱ्यांदा चहा मागवला. दहाला ट्रान्सपोर्टवाला म्हणाला, "साहेब, माल सातलाच उतरवला. सहीपण आहे."

सही होती. आमच्यापैकी कुणाची नव्हती.

आदल्याच वर्षी दिल्लीत मायापुरीला भंगारात आलेल्या कोबाल्ट-60 ने एकाचा जीव घेतला होता. आणि आमच्यापासून कुदळवाडी किती लांब? तेव्हा तिथे भंगाराची गोदामंच गोदामं. किरणं अडवणारी सोर्सची पेटी चांगली जड. कुणी किलोवर विकली तर? मालक म्हणाले, सकाळपर्यंत थांबू. आमच्या आरएसओ (किरणोत्सार सुरक्षा अधिकारी) मॅडमनी त्यांच्यासमोरच फोन उचलून मुंबईला एईआरबीला, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळाला, कळवलं. त्या दिवसापासून मी त्यांना मनातून घाबरतो.

मग मी किरणं मोजणारा सर्व्हे मीटर घेऊन पावसात निघालो. मीटर ढिम्म. पेटी उत्तम असली की असंच होतं. लेबलवर ट्रान्सपोर्ट इंडेक्स 0.6 होता, म्हणजे एक मीटरवर तासाला 6 मायक्रोसिव्हर्ट (किरणांच्या मात्रेचं एकक). दहा मीटर लांब गेलं की तो आकडा सगळीकडे असणाऱ्या नैसर्गिक किरणांच्या पार्श्वभूमीत विरघळतो, मध्ये भिंत आली तर बघायलाच नको. 2023 मध्ये ऑस्ट्रेलियात 1400 किलोमीटरच्या वाटेवर सीझियम-137 ची 8 बाय 6 मिलिमीटरची कुपी पडली. ती 70 च्या वेगाने जाणाऱ्या गाडीतल्या यंत्राला सापडली, कारण ती उघडी पडली होती. आमची नीट बंद होती, हेच आमचं दुखणं. (त्यांचा डबा पर्थला 16 जानेवारीला पोचला आणि उघडला 25 ला. पोचला म्हणजे आत आहेच, असं धरून चालणारे तिकडेही आहेत.)

शेवटी मीटर पिशवीत टाकला आणि वॉचमन लोकांना विचारत सुटलो. अडीचच्या सुमाराला डोक्यात आलं, आमचा प्लॉट जे ब्लॉकमध्ये. तोच नंबर एस ब्लॉकमध्येही असणार.

होता. गेटपाशी पत्र्याखाली आमची पेटी. पिवळं लेबल भिंतीकडे, वर रेडिओ आणि जेवणाचा डबा. तिथले वॉचमन मामा शेजारी खुर्चीवर.

"सही तुम्ही केलीत?"

"कर म्हणला, केली. सकाळी शेठना देणारच होतो."

मॅडम आल्या, पेटीचं सील, कुलूप, मीटर सगळं दोनदा तपासलं. साडेसात तास मामा मीटरभर अंतरावरच बसले असं धरून हिशेब मांडला: 45 मायक्रोसिव्हर्ट. सामान्य माणसाची वर्षाची मर्यादा 1000. मामांना या आकड्यांचं काही पडलेलं नव्हतं.

"मॅडम, भाजी खायची का टाकायची?"

"खा खुशाल. गॅमा किरणांनी भाजीला काही होत नाही."

शेपूची होती. आम्ही पेटी गाडीत चढवेपर्यंत तरी मामांनी डबा उघडला नाही.