तुम्ही विचारलंत म्हणून: लिहायला सुरुवात कुठून करू?

‘मला लिहावंसं फार वाटतं, पण सुरुवात कुठून करू?’ हा प्रश्न मला वाचनालयाच्या कार्यक्रमात विचारतात, लग्नाच्या मांडवात विचारतात, कदंबाच्या स्टँडवर बसची वाट बघतानाही विचारतात. विचारणारे कधी बारावीतले असतात, कधी निवृत्त शिक्षक. पणजीत एका मराठी दैनिकाच्या रविवार पुरवणीसाठी येणारे लेख वाचणं आणि दुरुस्त करणं हे माझं काम, म्हणून तो माझ्याकडे येतो. त्याच्या मागोमाग हमखास दुसरं वाक्य येतं: ‘घरात आम्ही कोकणी बोलतो हो, माझं मराठी तेवढं चांगलं नाही.’

आधी याचंच बोलू. ही भीती मनातून काढून टाका. फादर थॉमस स्टीफन्स जन्मानं इंग्रज. गोव्यातल्या सासष्टीत राहून ते इथल्या भाषा शिकले आणि त्यांचं ओवीबद्ध मराठी क्रिस्तपुराण 1616 साली राशोलला रोमन लिपीत छापलं गेलं. बोरीचे बा. भ. बोरकर मराठीत लिहीत आणि कोकणीतही लिहीत. कथाकार लक्ष्मणराव सरदेसाईंचंही तसंच. घरची बोली वेगळी असणं ही गोव्यात मराठी लिहिणाऱ्याची उणीव कधीच नव्हती.

अडचण दुसरीच आहे. पेन हातात घेतलं की आपण सत्काराच्या भाषणाला उभं राहिल्यासारखे लिहू लागतो. मागे एका कॉलेजच्या मुलीनं म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारावर लेख पाठवला होता. पहिलं वाक्य असं: ‘निसर्गसौंदर्याने नटलेल्या गोमंतभूमीच्या समृद्ध सांस्कृतिक वारशाचे जिवंत प्रतीक म्हणजे म्हापसा येथील शुक्रवारचा बाजार होय.’ व्याकरणाची चूक एकही नाही. पण म्हापसा काढून तिथे मडगाव घाला, सावंतवाडी घाला, वाक्य जराही अडत नाही. म्हणजे म्हापशाबद्दल तिनं अजून काहीच सांगितलेलं नाही.

मी तिला फोन केला. बाजारात कुणाबरोबर जातेस? आजीबरोबर. कधी? मे महिन्यात. आजी तिथे काय करते? यावर ती इतकं बोलली, की मी म्हटलं, आता फोन ठेव आणि हेच लिहून काढ. दुसरा खर्डा आला तो असा:

‘मे महिना लागला की पावसाळ्याच्या बेगमीसाठी, म्हणजे आमच्या पुरुमेंतासाठी, आजी म्हापशाला जाते. कांद्याची माळ उचलून आधी शेंड्याकडचे कांदे दाबून बघते. बोट रुतलं की माळ खाली ठेवते. सुक्या सुंगटांचा वास घेते, भाव विचारते आणि पुढे जाते. बाकी सगळीकडे विचारून झालं की परत पहिल्या बाईकडेच येते.’

या पाच वाक्यांत विशेषणं जवळजवळ नाहीतच. क्रियापदं बघा: उचलून, दाबून, रुतलं, ठेवते, विचारते, परत येते. आजी कशी आहे हे एका शब्दानंही सांगितलेलं नाही, तरी ती पुरती कळते. ‘पुरुमेंत’ हा शब्दही तिनं ठेवला आणि गोव्याबाहेरच्या वाचकासाठी वाक्यातच अर्थ देऊन टाकला. घरचे शब्द असेच वापरावेत, लाजू नये. नवीन लिहिणाऱ्याला मी सगळ्यात आधी हेच सांगतो: जे स्वतः बघितलंय ते, जसं एखाद्या ओळखीच्या माणसाला सांगाल तसं लिहा. तो माणूस खरोखरचा असावा, पुण्याची मावसबहीण म्हणा नाहीतर शेजारचे काका. त्याला काय माहीत आहे आणि काय नाही, यावरून काय सांगायचं आणि काय गाळायचं ते ठरतं.

विषयही लहान घ्या. ‘गोव्यातील लोकसंस्कृती’ला ग्रंथ लागेल. आपल्या वाड्यावर घोडेमोडणी, म्हणजे शिगम्यातला घोड्यांचा नाच, सुरू व्हायच्या आधीचा अर्धा तास मात्र एका लेखात नीट बसतो.

आता वाक्याकडे येऊ, कारण खरी मेहनत तिथे आहे. मराठीत क्रियापद सहसा शेवटी येतं. कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये तुम्ही जेवढं भराल, तेवढा वेळ वाचक श्वास रोखून बसतो. आमच्याकडे येणाऱ्या मजकुरात असली वाक्यं रोज असतात: ‘गावातील मानस दुरुस्त करण्याच्या दृष्टिकोनातून ग्रामस्थांच्या माध्यमातून करण्यात आलेल्या मागणीच्या अनुषंगाने पाहणी करण्यात आली.’ मानस म्हणजे खाजन शेतात खारं पाणी शिरू नये म्हणून बांधात बसवलेलं दार. घडलं एवढंच: ‘मानस मोडली होती. ती दुरुस्त करा, अशी गावकऱ्यांनी मागणी केली, तेव्हा अधिकारी येऊन बघून गेले.’ पहिल्या वाक्यात पाहणी कुणी केली ते कळत नाही. ‘करण्यात आली’ म्हटलं की करणारा लपतो. ‘माध्यमातून’, ‘अनुषंगाने’, ‘त्या ठिकाणी’ हे शब्द दिसले की खोडून बघा. बहुतेक वेळा वाक्य त्यांच्याशिवाय जास्त चांगलं उभं राहतं.

आणखी एक गोष्ट बोलताना आपण आपसूक करतो आणि लिहिताना विसरतो. क्रियापदाच्या अगदी आधी येणाऱ्या शब्दावर मराठीत जोर पडतो. ‘आजीनं मला कांदे निवडायला शिकवलं’ यात काय शिकवलं ते महत्त्वाचं. ‘कांदे निवडायला मला आजीनं शिकवलं’ यात आजी महत्त्वाची. शब्द तेच, जागा बदलली. लेख मोठ्यानं वाचलात तर जोर चुकीच्या जागी पडलेला कानाला लगेच कळतो. म्हणून मोठ्यानं वाचाच, घरात कुणी हसलं तरी.

शुद्धलेखन शेवटी बघा, पण बघाच. सध्याचे नियम मुळात मराठी साहित्य महामंडळाचे, 1962 पासूनचे. शेवटचा इकार-उकार दीर्घ, म्हणून ‘कवी’, ‘गुरू’. समासात मात्र ‘कविमन’, ‘गुरुदक्षिणा’. ‘आणि’ ऱ्हस्वच राहतो. आपल्याकडची खास अडचण अनुस्वाराची. कोकणीत ‘घरांत’ म्हणजे एका घरातसुद्धा. मराठीत ‘घरात’ एक घर आणि ‘घरांत’ अनेक घरं. एका टिंबानं अर्थ बदलतो, तेवढं सांभाळा.

वाचन किती करावं, हेही लोक विचारतात. आवडेल तेवढं, पण थांबत थांबत. पणजीला पाट्टोवर कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे. 1832 साली सुरू झालेली ही संस्था देशातल्या सगळ्यात जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांपैकी एक. तिथे जाऊन बसा. आवडलेला एखादा परिच्छेद हातानं उतरवून काढा. लेखकानं पूर्णविराम कुठे दिलाय, कुठली गोष्ट सांगितलीच नाही, हे नुसतं वाचताना निसटतं आणि उतरवताना दिसतं.

लेख पुरा झाला की काही दिवस बाजूला ठेवा. मग पहिला परिच्छेद झाकून दुसऱ्यापासून वाचा. बहुतेक नवख्यांचा लेख खरा तिथेच सुरू होतो. तसं असेल तर पहिला बिनधास्त काढा. पाठवताना युनिकोडमध्ये टाइप करा, वहीच्या पानाचे फोटो नकोत. आणि पाठवण्याआधी गावाचं नाव, देवस्थानाचं नाव, जत्रेची तिथी, माणसांची आडनावं त्या गावातल्याच कुणाला तरी विचारून घ्या. गाववाले पहिल्यांदा तीच चूक पकडतात, आणि मग बाकीच्या लेखावरही त्यांचा विश्वास बसत नाही.