हलव्याला काटा येतो कसा?

संक्रांतीला हलव्याचा डबा पुढे केला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "घरी केलात? मग काटा कसा आला?" दुसरा जरा दबक्या आवाजात येतो, "पण एवढा खटाटोप कशाला, बाजारात मिळतो की!" तुम्ही विचारलंत म्हणून यंदा दोन्हींचं उत्तर एकदाच लिहून टाकते.

काट्यासाठी वेगळं काही घालत नाहीत. पाव वाटी तीळ, दोन वाट्या साखर, वाटीभर पाणी. पाकाला उकळी आली की चमचाभर दूध घालायचं, मळी वर येते ती काढून टाकायची. हलवा पांढराशुभ्र होतो तो यामुळे. पाक जेमतेम एकतारी हवा. घट्ट झाला तर तीळ एकमेकांना धरून बसतात आणि हलव्याऐवजी खडे होतात.

आजीच्या वेळी कोळशाची शेगडी आणि वर पितळी परात असायची. निखाऱ्यांवर राख पसरून ती आच मारायची. मी गॅसच्या लहान बर्नरवर तवा ठेवते आणि त्यावर परात. तीळ कोमट झाले की एकच छोटा चमचा पाक सोडायचा आणि बोटांच्या टोकांनी दाणे फिरवत राहायचं. आधी सगळं ओलं, चिकट, बोटांना धरणारं. मग पाणी उडतं, दाणे एकेक करून सुटे होतात आणि परात खुळखुळायला लागते. तो आवाज आला की पुढचा चमचा. आधी नाही. अधूनमधून चाळून सुटी साखर बाजूला काढायची, रात्री परातीवर मलमलचा कपडा टाकायचा, सकाळी पुन्हा बसायचं.

पहिल्या दिवशी दाखवण्यासारखं काही होत नाही. तीळ नुसते पांढुरके दिसतात, आणि बहुतेक जण इथेच कंटाळतात. दाणा ज्वारीएवढा व्हायला लागला की पृष्ठभाग खरखरीत लागतो. माझी समजूत अशी की साखरेचे जे कण जरा वर आलेले असतात, त्यांनाच पुढचा पाक आधी लागतो, म्हणून उंचवटा वाढत जातो आणि त्याचा काटा होतो. आच मोठी झाली की साखर वितळून दाणा गुळगुळीत होतो. हात जोरात फिरला की आलेले काटे झिजतात. हवाही थंड आणि कोरडी लागते, म्हणून पौषातली पहाट उत्तम. मुंबईच्या दमट हवेत पाक लवकर सुकत नाही, तिथल्या बायकांचा हात माझ्यापेक्षा चांगला असूनही काटा रुसतो.

जपानात 'कोंपेइतो' नावाची अशीच काटेरी साखरगोळी आहे. ती तिथे पोर्तुगीजांबरोबर गेली. 1569 मध्ये लुईस फ्रॉइस या पाद्र्याने ओडा नोबुनागा या जपानी सरदाराला ती काचेच्या भांड्यात घालून भेट दिली होती. अजूनही तिरप्या, फिरत्या कढईत थोडाथोडा पाक सोडत ती दोनेक आठवडे करतात. तिला शिंगं का फुटतात याचं कोडं तोराहिको तेरादा या भौतिकशास्त्रज्ञालाही पडलं होतं. तेव्हा तुमचा प्रश्न काही साधा नाही.

आता खटाटोपाचं. खरं सांगायचं तर हलव्याला चव साखरेचीच. पण लहानपणी आम्ही भावंडं पैज लावायचो: न चावता शेवटपर्यंत कोण टिकतं? आधी काटे जिभेला टोचायचे, मग दाणा गुळगुळीत व्हायचा, बारीक होत जायचा, आणि शेवटी दाताखाली एक तीळ. त्या तिळाचा खमंगपणा तेवढ्या साखरेनंतरच कळतो. विकतच्या हलव्यात बरेचदा काटे बोथट असतात आणि तीळ सापडायच्या आत माझा धीर सुटतो.

हलव्याच्या दागिन्यांचं काम त्याहून नाजूक. बारीक मण्यांना खसखस, मोठ्यांना साबुदाणा, मधूनच लवंग नाहीतर वेलदोड्याचा दाणा, आणि प्रत्येकावर हाच सगळा पाकाचा सोपस्कार. हलव्याला भोक पाडत नाहीत, दाणा दोऱ्याच्या गाठीत अडकवायचा. नव्या सुनेच्या काळ्या साडीवर तो हार सुरेख दिसतो. बोरन्हाणातल्या बाळाच्या गळ्यात मात्र तो फोटो काढेपर्यंतच टिकतो, कारण बाळ सरळ तोंडात घालतं. मला त्याचं काहीच वाटत नाही, खाण्यासाठीच केलेला असतो.

आणि हो, ऑर्डर घेत नाही. शिकायचं असेल तर पहाटे या, स्वेटर घालून. नखं मात्र कापून या, वाढलेल्या नखांनी काटे मोडतात.