नाव माहीत नसलेला मित्र

आज डोंबिवलीला बहिणीकडे गेले होते. भाचा जेवायला बसला खरा, पण वरणभात गार होत होता आणि अंगठा मोबाईलवर. "कोणाशी बोलतोयस रे?" "गेममधला मित्र आहे, मावशी. खरं नाव नाही माहीत." पोटात गोळाच आला.

मी कल्याणची. मे २०१४ मध्ये आमच्या गावातले चार तरुण यात्रेकरूंबरोबर इराकला गेले आणि आयसिस या दहशतवादी संघटनेकडे वळले. शिकणारी पोरं. नोव्हेंबरात एक जण परत आला. त्या घरांतल्या आया आठवल्या की अजून गलबलतं.

सरकारंही पोरांना ओढायला गेमच्या वाटेने येतात. अमेरिकन लष्कराने २०१८ मध्ये चक्क ई-स्पोर्ट्सची, म्हणजे व्हिडिओ गेमच्या स्पर्धा खेळणारी, टीम उभी केली. २०२० मध्ये ट्विच या गेम थेट दाखवणाऱ्या साइटवरच्या त्यांच्या चॅनलवर बक्षिसाची लिंक दाबली की उघडायचा भरतीचा फॉर्म! दोन्ही गोष्टी मी एका मापाने मोजत नाही. पण पोराला फसवून जवळ ओढणं मला कुणाचंच पटत नाही.

भाच्यावर ओरडले नाही. ताट आवरल्यावर शेजारी बसले, म्हटलं, "मलाही शिकव हा गेम." तासभर शिकवत होता. मग हळूच म्हणाला, "मावशी, तो मित्र सारखं विचारतो, घरी कोण कोण असतं."