मंगळ पुसला गेला होता

आकाशदर्शनाच्या सहली नेणं हे माझं काम. 27 जुलै 2018, गुरुपौर्णिमा. आपल्याकडे आषाढातले ढग, म्हणून खग्रास चंद्रग्रहण दाखवायला गट घेऊन लडाखला आले होते. शिवाय मंगळ! चार दिवसांनी तो 5 कोटी 76 लाख किलोमीटरवर येणार होता. पंधरा वर्षांत इतका जवळ आला नव्हता.

आठ इंची दुर्बीण त्याच्यावर लावली आणि पोटात गोळाच आला. नुसती नारिंगी चकती. ना काळसर डाग, ना ध्रुवावरची पांढरी टोपी. मंगळावरच्या धुळीच्या वादळाच्या बातम्या दोन महिने वाचत होते, तरी पहिला संशय दवाचा आला. आयपीस, म्हणजे डोळा लावायची भिंगाची नळी, पुसली, बदलली. मग दुर्बीण शनीकडे वळवली. कडी कशी लख्ख, रेखीव! दुर्बिणीत काही दोष नव्हता.

रांगेतले एक काका म्हणाले, "ताई, यात काहीच नाही हो."

"काका, तो सपाट रंग दिसतोय ना, ती धूळ आहे. अख्ख्या ग्रहावर."

मेअखेरीस एका भागात उठलेलं वादळ तीन आठवड्यांत ग्रहभर पसरलं होतं. मंगळ सूर्याजवळ येत असतो तेव्हा त्याच्या दक्षिण गोलार्धात उन्हाळा चढू लागतो. वारा धूळ उचलतो, धूळ ऊन शोषते, हवा आणखी तापते, वारा आणखी वाढतो. हवेचा दाब आपल्या एक टक्क्याहूनही कमी, त्यामुळे असला वारा माणसाला पाडू शकत नाही. पण धूळ गुलालाहून बारीक आणि तिला खाली बसवायला पाऊस नाही. महिनोन् महिने तरंगत राहते.

दहाएक वर्षांची एक मुलगी ऐकत होती. तिला ऑपॉर्च्युनिटीबद्दल सांगितलं. नासानं नव्वद दिवसांसाठी मंगळावर पाठवलेली, चौदा वर्षं चाललेली सौरऊर्जेवरची गाडी. 10 जूनला तिच्या डोक्यावर भरदिवसा काळोख झाला, वीज दिवसाला 22 वॅट-तासांवर आली आणि ती गप्प झाली.

"मग आता?"

"तिला हाका मारतायत अजून."

एक वाजता चंद्र तांबडा झाला. सगळे तिकडे वळले. ती मुलगी मात्र स्टुलावर चढून पुन्हा मंगळ बघत राहिली. मी तिला उतरवलं नाही.

शेवटची हाक 12 फेब्रुवारी 2019 ला गेली. उत्तर आलं नाही.