धुतलेल्या चुऱ्याची पुरचुंडी फसली

मागच्या नोंदीत सांगितल्याप्रमाणे, वर्षभर साठवलेला खोडरबराचा चुरा साबणाच्या पाण्यात धुऊन, वाळवून, त्याची पुरचुंडी मी अखेर काल वापरली. आणि तीन संध्याकाळी खपून केलेल्या रेखाटनात जे आकाश कटाक्षाने कोरे राखले होते, त्याच्यावर एक करडा पट्टा ओढून बसले.

जुन्या आरेखकांच्या टेबलावर असलेल्या पिशवीची नक्कल करण्याचा माझा हेतू होता. त्या पिशवीतून झटकलेले रबराचे बारीक कण कागदावर पसरतात, त्यांच्यावरून टी-स्क्वेअर (रेघा आखण्याची टी आकाराची पट्टी) किंवा मनगट सरकले की ते लोळतात आणि सुटे ग्राफाइट, म्हणजे पेन्सिलीच्या शिशाची काळी पूड, उचलून घेतात. सुरुवातीला मी मलमल वापरली, पण तिच्या विणीतून काही बाहेरच पडेना. जुन्या सुती मोज्याचा तुकडा मात्र ताणला की हवे तेवढेच कण सोडतो. या मोज्यावर मी अतिशय खूश आहे.

कोडे असे होते की तिसऱ्या धुण्यानंतर पाणी स्वच्छ निघाले होते आणि वाळलेला चुराही फिकट दिसत होता, तरी डाग पडला कसा? शेवटी चुऱ्यातील एक जाडसर तुकडा पांढऱ्या बशीत ठेवून ब्लेडने उभा चिरला आणि भिंगाखाली धरला. वरून तो फिकट राखाडी होता, पण आत काळ्या रेषेचे वेटोळे होते, गुंडाळलेल्या चटईची कड दिसावी तसे. खोडताना रबराचा पातळ थर ग्राफाइटसह सुटतो आणि हाताच्या पुढे-मागे होण्याने त्याची सुरळी वळली जाते. म्हणजे धुण्याने फक्त सुरळीची बाहेरची बाजू निघत होती. तळव्याखाली पुन्हा लोळवली की तीच सुरळी उलगडत होती आणि पोटातले ग्राफाइट कागदाला देत होती.

खात्रीसाठी रद्दी कागदावर तीन चौकोन आखून पाहिले. २एच या कडक, फिकट पेन्सिलीच्या रेघा खोडून निघालेल्या चुऱ्याने जेमतेम छटा आली, मध्यम एचबीच्या चुऱ्याने ती स्पष्ट दिसली, आणि मऊ, गडद ६बीच्या चुऱ्याने तर चौकोन सरळ माखला. धुण्याचा नाद मी इथेच सोडला आहे.

स्वच्छ कण हवे असतील तर ते न खोडलेल्या रबराचेच हवेत. रेखाटनातल्या बारीक उजळ जागा खोडून काढण्यासाठी आपण खोडरबराला ब्लेडने धार काढतो, तेव्हा पडणाऱ्या पांढऱ्या कापट्या मी इतके दिवस खोडलेल्या चुऱ्याच्याच बरणीत टाकत होते, याचा आता मनस्वी संताप येतो. यापुढे त्यांची बरणी वेगळी राहील. त्या किसणीवर थेट धरल्या तर वाकतात आणि ढेकळे पडतात. मात्र पांढरे खोडरबर बहुधा मऊ केलेल्या पीव्हीसीचे (एक प्रकारच्या प्लास्टिकचे) असल्यामुळे तासभर फ्रीजरमध्ये ठेवल्यावर कडक होते आणि छान रवाळ किसले जाते. शाई खोडण्याचे खरखरीत रबर यात चुकूनही मिसळू नये, कारण त्यातली कच कागदाचा पृष्ठभाग ओरबाडते.

त्याच करड्या चुऱ्यातला थोडा दाबून मी एक वडीही केली होती, तीही वाया गेली. ती मी पारदर्शक, कडक प्लास्टिकच्या डबीत ठेवली होती. पीव्हीसी मऊ ठेवणारा तेलकट पदार्थ डबीच्या तळात उतरला आणि वडी व तळ एकजीव झाले. खोडरबराला कागदी वेष्टन का असते, ते यावरून पटले. वडी तापवून सांधण्याचा विचार मी सोडून दिला आहे, कारण पीव्हीसी जास्त तापले की घातक वायू सोडते आणि हे घरात करण्याचे काम नव्हे.

हे लिहिताना समोर तो माखलेला ६बीचा चौकोन पडला आहे, आणि पाहता पाहता लक्षात आले की त्यात बोटाचे ठसे नाहीत, पेन्सिलीची रेघ नाही, कडा हळूच विरत गेल्या आहेत. पावसाळी आभाळासाठी मला हीच छटा हवी असते आणि ग्राफाइटच्या भुकटीने ती कधी इतकी सारखी बसली नव्हती. त्यामुळे फसलेली पुरचुंडी मी उसवणार नाही. तिच्यावर ‘६बी’ असे लिहून टाकले आहे, २एच आणि एचबीच्या चुऱ्यासाठी मोज्याचे आणखी दोन तुकडे कापले आहेत, आणि बिघडलेल्या रेखाटनातले आकाश कोरे ठेवण्याऐवजी उद्या त्यात ढग भरणार आहे.