माघी पुनवेच्या भरतीला

माघ लागला की आमच्या कोळीवाड्यात पंचांग खिळ्यावरून खाली उतरतं. मंडळाच्या ओट्यावर चटई पडते, चहाची किटली येते आणि एकाच विषयावर रात्री अकरापर्यंत बोलणं चालतं: यंदा शिडाच्या होड्यांच्या शर्यतीचा दिवस कधी धरायचा? बाहेरच्या माणसाला वाटेल, रविवार बघायचा आणि मोकळं व्हायचं. पण आमच्याकडे पाणी काय म्हणतं ते आधी बघतात, मग रविवार.

त्यासाठी तिथीचा हिशेब. तिथीची पाऊणपट केली की भरती भरायची वेळ मिळते. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. नेरुळकडच्या आमच्या खाडीत पाणी त्याहून तासभर उशिरा भरतं, म्हणून पौर्णिमेला बारा-साडेबारा धरायचे. पुढे रोज पाऊण-एक तास सरकत जायचं. हा हिशेब मला मोठ्या काकांनी बोटांच्या पेरांवर शिकवला, तेव्हा मी पाढेही धड म्हणत नव्हते. मोबाइलवर भरतीचं वेळापत्रक आलं तरी बैठकीत कुणीतरी म्हातारं माणूस पेरं मोजतंच, आणि दोन्ही जुळलं की सगळ्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसतं.

माघी पौर्णिमाच का, याचंही कारण आहे. थंडीत पहाटे जमिनीवरून दर्याकडे मतलई वारा वाहतो. ऊन चढलं की तो पडतो, आणि दुपारनंतर दर्याकडून खारा वारा सुटतो, आमच्याकडे बहुतेक वायव्येचा. पौर्णिमेला भरती भरते दुपारी आणि वाराही उठतो दुपारीच. काठापर्यंत पाणी आणि शिडाला वारा, दोन्ही एका वेळी मिळतात. हे ज्यांनी पहिल्यांदा ताडलं त्यांनी त्याचं कुठे नाव लावून ठेवलं नाही. पौर्णिमेपासून रविवार चार दिवस लांब पडला की बैठकीत खडाजंगी ठरलेली. नोकरीवाले म्हणणार रविवार, म्हातारे म्हणणार पुनव. माझा कौल कायम म्हाताऱ्यांकडे.

दिवसाची खरी गंमत मात्र आधीच्या पंधरवड्यात असते. होड्या काठावर ओढून कुशीवर कलत्या करतात आणि सुतारकाका तळाशी बसतात. फळ्यांच्या सांध्यातला जुना कापूस आकडीने ओढून काढायचा. तो काळा, खारट, दोरीसारखा लांबच लांब निघतो. आम्ही पोरं तो गोळा करायला धावायचो. मग नव्या कापसाचा पीळ करायचा, तेलात भिजवायचा आणि बोथट छिन्नीवर लाकडी मोगरी मारत सांध्यात ठासायचा. सुरुवातीला आवाज पोकळ येतो, भरत गेला की घट्ट होत जातो. काका डोळे मिटून मारायचे. शेजारी उभं राहून बोललेलं त्यांना चालत नसे, कारण कान आवाजावर असे. वरून राळ आणि तेलाचं लुकण. एवढं करूनही पाण्यात सोडल्यावर पहिले दोन दिवस होडी गळते. कुणी नवखा घाबरला की काका सांगायचे, "पिऊ दे तिला पानी." लाकूड पाणी पितं, फुगतं आणि सांधे आपोआप मिटतात. फायबरच्या होडीला यातलं काहीच लागत नाही. ती स्वस्त, हलकी, रोजच्या धंद्याला बरी, आणि ज्यांनी ती घेतली त्यांना मी कधी नावं ठेवणार नाही. पण वर्षातून एकदा लाकडाच्या होड्या पाण्यावर यायलाच हव्यात, हा मंडळाचा हट्ट मला मनापासून पटतो.

शिडाचं काम आमच्या आई-आत्यांकडे. जाड सुती कापडाचे पट्टे एकमेकांना जोडायचे, कडेने दोर शिवून घ्यायचा. सुई बोटभर लांब, आणि ती कापडातून रेटायला तळहातावर चामड्याचा तुकडा बांधलेला. आईच्या उजव्या तळव्यावर त्या पट्ट्याचा वळ आठवडाभर राहायचा. शीड ओट्यावर पसरलं की अर्धी आळी त्याखाली झाकली जायची आणि दोन्ही बाजूंनी बायका टाके घालत मधे येत जायच्या. कुणाच्या सुनेचं डोहाळजेवण, कुणाच्या मुलाची नोकरी, गावातल्या सगळ्या बातम्या त्या शिवणीत आम्हाला कळायच्या.

शाळेतले आमचे मास्तर या पंधरवड्यात वर्ग होड्यांपाशी भरवायचे. एकदा त्यांनी सुतारकाकांकडून सागाची ताजी ढलपी घेतली आणि प्रत्येकाच्या नाकाशी धरली. सागात तेल असतं, म्हणून तो पाण्यात लवकर कुजत नाही आणि त्यातला लोखंडी खिळाही टिकतो, हे तिथे कळलं. मग ते सांगायचे की लवजी नसरवानजी वाडिया १७३६ साली सुरतेहून मुंबईला आले आणि त्यांच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या गोदीत जहाजं बांधली. मुंबईत सागवानात बांधून १८१७ साली पाण्यात उतरवलेली 'ट्रिंकोमाली' आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगते आहे. त्याच्याही आधी, १६५७ साली कल्याण-भिवंडी घेतल्यावर शिवाजी महाराजांनी तिथल्या खाडीत जहाजं बांधायला घेतली. "तुमच्या खाडीच्या वरच्या अंगालाच," असं म्हणत मास्तर उत्तरेकडे हात करायचे आणि आम्ही सगळे वाशीच्या पुलाकडे बघायचो. पुस्तकातला इतिहास परीक्षेनंतर बराचसा गेला, हा राहिला.

वाशीचा पहिला पूल १९७३ चा. त्याआधी या काठावरून पलीकडे जायचं तर पाण्यावरूनच सरळ वाट होती, आणि आजोबांच्या पिढीने ती शिडावर केली. मासळी, भात, मिठागरांचं मीठ, लग्नाची वऱ्हाडं, आजारी माणसं, सगळं होडीतून. १९७० साली नवी मुंबई वसवायला सिडको स्थापन झाली, पुढे जमिनी गेल्या, मिठागरं गेली, खाडीकाठी पामबीच रस्ता आला. होड्यांना इंजिनं बसली आणि शिडं माळ्यावर चढली. काही घरांतल्या म्हाताऱ्यांनी ती खाली काढली आणि हा दिवस सुरू केला. त्या काळी बक्षीस म्हणून नारळ आणि टोपी मिळायची. आजही तेवढंच मिळतं, आणि ते तसंच राहावं असं मला वाटतं.

त्या दिवशी सकाळी पहिली पूजा होडीची. नाळेला, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाला, हळद-कुंकू, झेंडूची माळ, खाडीला नारळ. बायकांच्या वेण्यांत अबोली. ओट्यामागे तीन दगडांच्या चुली पेटलेल्या असतात: तांदळाच्या भाकऱ्या, कोळंबीचं कालवण, चिंबोरीचा रस्सा, आणि निवट्यांचं सुकं. निवट्या म्हणजे खाडीच्या चिखलातले छोटे मासे. त्या कुणी, कुठल्या अंगाला पकडल्या यावर चुलीपाशीच वाद रंगतो. शहरातून आलेले जावई आधी बिचकतात, दुसऱ्या वर्षी स्वतःहून पातेल्याजवळ बसतात.

शर्यतीची वाट साधी आहे. जेट्टीपासून नैर्ऋत्येला, ट्रॉम्बेच्या डोंगराच्या रोखाने, खाडीत रोवलेल्या खांबाला वळसा घालून परत. भरती भरून पाणी जरा स्थिरावलं की थाळी वाजते आणि होड्या सुटतात. जाताना वारा उजव्या कुशीवर. थोड्याच वेळात ओहोटी लागते आणि पाणी दक्षिणेला ओढू लागतं. म्हणून खांबाच्या रोखाने होडी हाकायची नसते; नाळ खांबाच्या बरीच उत्तरेला धरायची, पाणी तिला आपसूक खांबापाशी आणून सोडतं. नवखे तांडेल, म्हणजे होडी हाकणारे, सरळ खांबाकडे निघतात आणि शेवटी वल्ही मारत वर चढतात.

वळसा म्हणजे सगळ्या शर्यतीचा जीव. आमचं शीड तिकोनी, परभाणाला, म्हणजे डोलकाठीवरच्या तिरक्या लांब काठीला, बांधलेलं. येताना वारा डाव्या कुशीवर येतो, म्हणून शीड डोलकाठीच्या एका अंगाचं दुसऱ्या अंगाला न्यायला लागतं. तांडेल होडीची पाठ वाऱ्याकडे करतो. एकजण दामण, म्हणजे शीड ताणायचा दोर, सोडतो, शीड फडफडतं, दोघंजण परभाणाचं खालचं टोक धरून ते उभं करतात आणि डोलकाठीच्या पुढून पलीकडे काढतात. चौथ्याने त्याच क्षणी दामण दुसऱ्या बाजूला नेऊन ओढायची. सगळं जमलं तर होडी जराशी डुलते आणि चालू लागते. एकाचा हात चुकला तर परभाण डोलकाठीला अडकतं आणि होडी आडवी होऊन ओहोटीबरोबर घारापुरीच्या दिशेने निघते. काठावरून हे सगळं दिसतं. त्या मिनिटभरात जेट्टीवर कुणी बोलत नाही.

बायकांची होडी उतरवायचं ठरलं ते वर्ष मला सगळ्यात जवळचं. शिडं आम्ही शिवतो, मग चालवायची का नाही, असं माझ्या आतेने भर बैठकीत विचारलं. थोडा वेळ कुणी काही बोलेना. मग मोठे काका म्हणाले, "माझी होरी घ्या." सरावाला ते स्वतः आमच्याबरोबर आले. दामण माझ्या हातात होती आणि माझे डोळे सारखे बाहेर पाण्यावर. काका सुकाण्यावरून ओरडले, "पोरी, शिराकरं बग, पान्याकरं नको!" शिडाची पुढची कड थरथरायला लागली की दामण ओढायची, ती शांत झाली की थांबायचं, आणि होडी जड होऊन कलायला लागली की बोटभर सोडायची. वारा डोळ्यांना दिसत नाही. शिडाच्या कडेला दिसतो. एका दुपारी हे हातात बसलं. शर्यतीत आम्ही शेवटून दुसऱ्या आलो आणि गावाने आम्हाला असं खांद्यावर घेतलं की पहिल्या आलेल्यांनीही टोप्या उडवल्या. आता बायकांच्या दोन होड्या असतात, आणि त्यातली एक वेगळ्याच चालीची आहे.

एका वर्षी एका होडीला परतायला उशीर झाला. तीन वाजून गेले, वारा मधेच पडला आणि पाणी पायाखालून निघून गेलं. काठापासून हाकेच्या अंतरावर होडी चिखलात बसली. आमच्या खाडीच्या चिखलात माणूस कमरेपर्यंत जातो, तेव्हा उतरून येणं नाही. पुढची भरती यायला रात्र होणार. त्या पाचजणांनी होडीतच बैठक मारली. संध्याकाळी पोरांनी पगार, म्हणजे छोटी होडी, चिखलावरून ढकलत नेऊन त्यांना भाकऱ्या आणि कालवण पोचवलं. चंद्र उगवला तशी त्यांनी गाणी सुरू केली, काठावरून आम्ही साथ धरली. नऊच्या सुमाराला होडी पाण्यावर उचलली गेली तेव्हा कुणालाच घरी जायचं नव्हतं.

त्याच चिखलावर ओहोटीला रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, उतरतात. ठाणे खाडीत फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली झालं आणि २०२२ साली खाडीला जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून रामसर दर्जा मिळाला. आमच्या म्हाताऱ्यांना हे पक्षी त्याच्या कितीतरी आधीपासून ओळखीचे. मंडळाने त्यामुळे एक नियम केला: खांब चिखलाच्या पट्ट्यापासून लांब रोवायचा आणि त्या दिवशी सोबतीच्या इंजिनाच्या होड्याही मागेच थांबवायच्या. शिडाच्या होडीला आवाज नसतो. थवा मान वर करतो, बघतो, पुन्हा चोच चिखलात घालतो. हे बघायला इमारतींमधली मंडळी हल्ली मुलांना घेऊन येतात आणि पंगतीलाही बसतात. त्यांना आमच्या लोकांनी परकं मानलं नाही, याचा मला अभिमान आहे.

एकदा मंडळाची जुनी मंडळी गेटवेला गेली होती. तिथे रॉयल बॉम्बे यॉट क्लब आहे, १८४६ सालचा. समोर पाण्यात नांगरलेल्या नौका बघत सगळे तासभर धक्क्यावर उभे होते. त्या नौकांच्या तळाला खाली उतरलेला जड कणा असतो, म्हणून त्या वाऱ्याच्या तोंडावर जास्त चढतात. आमचा तळ उथळ, कारण आम्हाला चिखलावर टेकायचं असतं. परतीच्या लोकलमध्ये वाशीचा रेल्वे पूल येईपर्यंत हीच चर्चा. नौका देखण्या होत्या, हे सगळ्यांनी मान्य केलं. "पन आपल्या खारीत रुततील," हा निकाल सुतारकाकांनी दिला आणि तोही सगळ्यांनी मान्य केला.

सुतारकाका आता नाहीत. मोगरी त्यांच्या नातवाकडे आहे. तो कामाला जातो, शनिवार-रविवारी होड्यांपाशी बसतो, आणि बोललेलं त्यालाही चालत नाही. गाळाने खाडी उथळ होत चालली आहे. जेट्टीपाशी जिथे पूर्वी शिडाची होडी तास-दोन तास आरामात तरंगायची तिथे आता घाई करावी लागते, म्हणून वाट दोनदा आखूड केली. कांदळवन काठावरून पुढे सरकलं आहे. लाकूड महाग, आणि नवी होडी बांधणारं कुणी जवळपास उरलं नाही, म्हणून आहेत त्याच डागडुजी करून चालवायच्या. त्यासाठी मंडळाने वर्गणीतला एक भाग वेगळा ठेवायला सुरुवात केली आहे आणि शिडाचं कापड आता सगळ्यांचं मिळून येतं.

२०२६ साली माघी पौर्णिमा नेमकी रविवारी आली, १ फेब्रुवारीला. बैठक दहा मिनिटांत संपली. म्हातारे आणि नोकरीवाले एका बाजूला बसले होते, आणि भांडायला काही उरलं नाही म्हणून मग निवट्यांवरूनच सुरू झालं.