सोऱ्या, दट्ट्या आणि दीडशे मशीनं : आमची वाटचाल

वडिलांनी १९७४ साली कोल्हापूरच्या उद्यमनगरात एक लेथ टाकून पितळी सोरे करायला घेतले. सोऱ्याचा धंदा म्हणजे दिवाळीआधीचे दोन महिने, बाकी वर्षभर वसुलीच्या फेऱ्या. म्हणून मी शुक्रवारच्या बाजाराला आंबोलीमार्गे म्हापशाला माल न्यायला लागलो. तिथे १९९३ साली चोरिसां, म्हणजे डुकराचं मांस आतड्यात भरून केलेली गोव्याची सॉसेजं, विकणाऱ्या एका बाईंनी सोऱ्या उलटासुलटा करून विचारलं, यातून मांस उतरेल का? मी म्हणालो, उतरेल की.

पुढच्या शुक्रवारी सोऱ्या माझ्या पुढ्यात आदळला. "पुता, हांव चोरिसां करतां, शेव न्हय!"

चोरिसांचं मांस म्हणजे खिमा नव्हे. हाताने कापलेले, चरबीसकट तुकडे. मीठ लावून, दडपणाखाली ठेवून पाणी काढलेले. वर मिरची, लसूण, मसाला आणि माडाचं व्हिनेगर. ते आमच्या पितळेत एका रात्रीत कळकलं होतं. आंबट पितळेत ठेवू नये हे माझ्या आईनेही सांगितलं असतं, पण मी विचारलंच नव्हतं.

दुसरा नमुना ॲल्युमिनियमचा. मीठ-व्हिनेगरने त्याला खड्डे पडले. तिसरा ३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचा. त्याच्या दट्ट्याला साध्या रबराचं वायसर होतं, ते चरबीने फुगून रुतून बसलं. मग सिलिकॉन आलं. मग दट्ट्याखाली हवा कोंडून आतडी फुटायला लागली, म्हणून दट्ट्यातच हवा जायला छोटा व्हॉल्व्ह दिला. दर वेळी बाई म्हणायच्या, "आतां पळोवया," म्हणजे आता बघू. पैसे त्यांनी तिसऱ्या मशीनचेच दिले, तेही चार हप्त्यांत. त्या पाच लिटरच्या मशीनचा पिनियन, म्हणजे छोटा गिअर, मी ईएन-८ पोलादातून स्वतः कापला होता. त्यानंतर एकोणीस वर्षं चोरिसां भरायची मशीनं विकली.

आता २०१६. आमच्याकडून दहा वर्षं माल उचलणाऱ्या एका व्यापाऱ्याने दीडशे मशीनं सांगितली. तोंडी. दहा वर्षांच्या माणसाकडे कागद काय मागायचा? मी कर्ज काढून पत्रा घेतला, गिअर कापून घेतले. नव्वद मशीनं उभी राहिली आणि ८ नोव्हेंबरला नोटबंदी झाली. तो म्हणाला, थांबा जरा, कॅश नाही. जानेवारीत त्याच्या दुकानात बाहेरून मागवलेली मशीनं लागली. तसंच उभं सिलिंडर, तसंच हँडल, आमच्या निम्म्या भावात. माझंच मशीन शेजारी ठेवून गिऱ्हाइकाला म्हणायचा, दोन्ही एकच हो. ते "एकच" मला आजही झोपेतून उठवतं.

वडिलांचा शेपर, धातू तासायचं मशीन, विकला. दोन कारागीर गेले. त्यातला एक त्याच व्यापाऱ्याकडे दुरुस्तीला लागला, त्याचं नाव काढत नाही. मार्चमध्ये वीजबिल भरायला घरातला फ्रिज विकायची भाषा चालली होती.

एप्रिलमध्ये म्हापशाच्या बाई सुनेला घेऊन थेट उद्यमनगरात. पिशवीत ते स्वस्त मशीन. सुनेने घेतलं होतं. उघडून पाहिलं तर आत प्लास्टिकचा गिअर, तीन दाते साफ. ते मशीन मुळात मऊ, ओल्या खिम्यासाठी होतं. तसा खिमा त्यातून लोण्यासारखा जातो. दडपलेल्या तुकड्यांना जोर लागतो, आणि तो जोर दातेच खातात. मी तिथल्या तिथे पोलादी गिअर बसवून दिला. पावसाळ्याच्या पुरुमेंताआधी, म्हणजे गोव्यातल्या पावसाळी साठवणीआधी, तसली आणखी सात मशीनं आली, सगळी बाईंनी पाठवलेली. दुरुस्तीला आलेल्यांपैकी चौघींनी नंतर आमचं नवं घेतलं. नव्वदपैकी शेवटचं २०१९ मध्ये गेलं.

तर, घरच्यासाठी मशीन घेणार असाल तर चकाकी बघू नका, झाकण उघडून दाते बघा. खिमा यंत्राला नळी जोडून भरायचा मोह टाळा. मळसूत्रात चरबी रगडून लगदा होतो. कोनात वाकलेलं, दांडा दाबायचं मशीन स्वस्त पडतं, पण दट्ट्याच्या कडेने मांस वर येतं आणि वाकणात पावभर अडकून राहतं. दोन गती असलेलं घ्या, हळू भरायला आणि झटकन दट्ट्या वर घ्यायला. घरी तीन लिटर पुरे. तोटी मात्र तुमच्या मांसाप्रमाणे: बकरी-मेंढीच्या बारीक आतड्याला दहा मिलिमीटरची लागते, तिच्यातून चोरिसांचा तुकडा जन्मात जाणार नाही. डुकराच्या आतड्याला बावीसची घाला आणि तुकडे लहान कापा. वायसरला खायचं तेल लावा, ग्रीस नको. आणि पोरांनो, तोंडी ऑर्डरीवर पत्रा घेऊ नका.

बाई आता बसून असतात, सून भरते. मशीन तेच, १९९७ चं, पिनियन तोच. वायसर दोन वर्षांनी मागतात आणि त्याचे पैसे विचारले की ऐकू येत नसल्यासारखं करतात. यंदा पुरुमेंताआधी ज्यांना मशीन हवं त्यांनी फेब्रुवारीत सांगावं. मेमध्ये फोन करून ओरडलात तरी गिअर एका दिवसात कापून होत नाही.